वार पाळा : मनोरुग्णालयातल्या जुन्या रहिवाशांसाठी काम सुरू करताना

‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य मराठीत इतकं रुळलंय, की ते बोलताना तिथे माणसं राहतात हे कुणाच्या मनातही येत नाही. मी कळव्यात वाढले, लग्नानंतर नौपाड्यात आले, आणि सोलापूर-साताऱ्याकडच्या लग्नांमध्ये आयुष्यभर हा विनोद ऐकत आले. १९०१ पासून ते रुग्णालय आमच्या शहरात आहे. राज्यात अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत : ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवून निवृत्त झाल्यावर मी पहिल्यांदा त्या फाटकातून आत गेले, तेव्हा माझं वय ५८ होतं. आज नऊ वर्षं आमचा पाच-सहा जणींचा गट मंगळवार पाळतो. ‘आम्हालाही काहीतरी करायचंय, सुरुवात कशी करू?’ असं विचारणाऱ्यांना मी दर वेळी तेच तेच सांगते. ते सगळं इथे लिहून ठेवते.

मी लिहितेय ते मुख्यतः जुन्या रहिवाशांबद्दल. महिना-दोन महिन्यांत बरे होऊन घरी जाणारे खूप असतात. त्यांना न्यायला माणसं येतात. पण काहींचा आजार आटोक्यात येऊन वर्षं लोटलेली असतात आणि तरी ते तिथेच असतात. कुणाचा पत्ता सापडत नाही, कुणाचा सापडतो पण दार उघडत नाही, कुणाच्या आईवडलांमागे भावाने घर विकलेलं असतं. आमच्या शिवणाच्या वर्तुळात बसणाऱ्या काही बायका तिथे माझ्या नोकरीपेक्षा जास्त काळ राहिल्या आहेत. त्यांची नावं, गावं मी इथे लिहिणार नाही. खूण पटेल असा तपशीलही थोडा बदलला आहे.

आधी एक वार ठरवा

सगळ्यांत आधी तुमच्या आयुष्यातला एक वार बाजूला काढता येतो का ते बघा. उपासाचा वार पाळतो तसा पाळता आला पाहिजे. पाऊस असो, घरी पाहुणे असोत, नणंदेच्या मुलीचं केळवण असो. महिन्यातून एकदा जमणार असेल तर महिन्यातून एकदाच ठरवा, पण तो दिवस चुकवू नका. आत दिवस एकसारखे जातात. आम्ही गेल्यावर एक आजी मोठ्याने म्हणतात, ‘म्हणजे आज मंगळवार.’ त्यांच्याकडे दुसरं कॅलेंडर नाही. आम्ही एकदा न सांगता दोन आठवडे गेलो नव्हतो, तर त्यांनी तिसऱ्या आठवड्यात आमच्याशी बोलणंच टाकलं होतं, आणि त्यांचं बरोबर होतं.

वार ठरला की रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे अर्ज द्या. साध्या मराठीत, एका पानात. तुम्ही कोण, किती जण, कुठल्या वारी, किती ते किती, काय करणार. सोबत प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत. अर्ज देऊन परत येऊ नका. समाजसेवा अधीक्षकांना भेटा, कारण पुढे तुमचं सगळं काम त्यांच्यामार्फत होणार आहे. अर्जात फार काही लिहू नका. ‘रहिवाशांचे सर्वांगीण पुनर्वसन’ असं लिहिणाऱ्यांना लोक विनम्रपणे चहा पाजून पाठवतात. आम्ही लिहिलं होतं, ‘फाटलेले कपडे शिवून देऊ, दुपारी दोन तास, एका वॉर्डात.’ परवानगी मिळायला सव्वा महिना लागला. एवढा वेळ लागणं योग्यच आहे. ज्यांना स्वतः ‘नको’ म्हणता येत नाही, त्यांच्या दारावर कुणीतरी चौकशी करायलाच हवी.

पहिले दोन-तीन वार काहीही करू नका. नुसतं बसा. सिस्टरना विचारा, आम्ही कुठे बसलो तर तुमच्या कामात येणार नाही? ड्युटी बदलायच्या आणि औषधं द्यायच्या वेळा विचारून घ्या आणि त्या टाळा. वॉर्डातल्या मावशी आणि मामा रात्रपाळ्या करून, अंघोळी घालून, सांडलेलं पुसून थकलेले असतात. तुम्ही दोन तास गोड बोलून जाल, ते चोवीस तास तिथे आहेत. कुठल्या बाईला खिचडी पातळ लागते आणि कोण पावसाच्या आवाजाने घाबरतं, हे मला एका मावशींनीच सांगितलं.

केळी आणि फराळाबद्दल

वाढदिवस, पुण्यतिथी, दिवाळी आली की लोक केळ्यांचे घड आणि लाडवांचे डबे घेऊन येतात. मन चांगलं असतं. पण मानसिक आजाराच्या काही औषधांनी तोंड कोरडं पडतं, काहींनी गिळणं अवघड होतं, काहींनी वजन आणि रक्तातली साखर वाढते. बऱ्याच जुन्या रहिवाशांना दातही उरलेले नसतात. पहिल्या वर्षी आम्ही घरची चकली घेऊन गेलो होतो. एका बाईंनी ती घाईघाईने तोंडात कोंबली आणि त्यांना असा ठसका लागला, की सिस्टर धावत येऊन पाठीवर थापट्या मारेपर्यंत आम्ही सगळ्या नुसत्या उभ्या. चूक सर्वस्वी आमची होती, विचारलंच नव्हतं. तेव्हापासून खायचं काहीही न्यायचं झालं तर आधी सिस्टरना दाखवायचं, मऊ असेल तेच न्यायचं, आणि डबा आपल्या हातात ठेवून एकेकीला बसवून द्यायचं.

औषधांचं आणखी थोडं कळलेलं बरं, म्हणजे गैरसमज होत नाहीत. हात कापत असतील तर पेला अर्धाच भरा. कुणी सारखं उठून येरझाऱ्या घालत असेल तर ‘बसा ना जरा’ म्हणू नका. काही औषधांनी पायात अशी बेचैनी येते की बसवतच नाही. चालता चालता गप्पा मारा. एप्रिल-मेमध्ये उन्हात कार्यक्रम ठेवू नका, काही औषधांनी ऊन आणि उकाडा नीट सोसत नाही. आणि औषधाबद्दल सल्ला तुम्ही कधीही, कुणालाही देऊ नका.

कपडे : हे मला सविस्तर सांगायचंय

जुने कपडे गोळा करून पोत्याने नेऊ नका. कॉलर विरलेले शर्ट आणि जरीच्या साड्या कुणाच्याही उपयोगाच्या नाहीत. सिस्टरकडून यादी घ्या : किती जणींना, कुठल्या मापाचं, काय. पहिल्या यादीत आतले कपडे होते आणि चपला. ते कुणी दान देत नाही, कारण ते देताना फोटो काढता येत नाही. आतले कपडे नवेच घ्या, मापाप्रमाणे, प्रत्येकीला तीन. पाळीचं सामान आणि म्हाताऱ्यांसाठी डायपर लागतात का, तेही विचारा.

शिवणार असाल तर नाडी वापरायची नाही. परकर, सलवार, पायजमा, कशालाच नाही. नाडीने जिवाला धोका होऊ शकतो, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सेफ्टी पिन, लांब ओढण्या, गळ्यातले दोरे, काचेच्या बांगड्या, सगळं वर्ज्य. नेफ्यात इंचभर रुंद इलॅस्टिक घाला, कमरेच्या मापापेक्षा तीन इंच कमी, आणि टोकं एकमेकांवर चढवून चारदा शिलाई मारा. त्याहून घट्ट केलं तर पोटावर वळ उठतात, आणि त्या सांगत नाहीत.

कापड सुती घ्या, पॉपलीन चांगलं. शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून आटवून घ्या, नाहीतर मोठ्या धुलाईत पहिल्याच वेळी गाऊन गुडघ्यावर येतो. लाल आणि गडद निळा टाळा, सगळ्यांच्या कपड्यांवर रंग चढतो. पुढून उघडणारा गळा ठेवा, कारण ज्यांचे खांदे आखडलेत त्यांना डोक्यावरून कपडा चढवणं म्हणजे रोजची मारामारी. हुक नकोत, मोठी चपटी बटणं घ्या आणि काजं ढिली ठेवा, कापऱ्या हातांनी लागली पाहिजेत. बटणांऐवजी चिकटपट्टी (व्हेल्क्रो) लावू नका, धुलाईत तिच्यात दोरे अडकून ती महिन्यात निकामी होते.

आणि खिसा. तो द्यायचं मला सुचलं नव्हतं. एका बाईंनी गाऊन घालून बघितला, दोन्ही हात बाजूंवरून फिरवले आणि विचारलं, ‘खिसा कुठेय?’ तिथे स्वतःचं म्हणून ठेवायला जागा ही मोठी गोष्ट असते. पुढच्या आठवड्यात मी सगळे गाऊन परत नेले आणि खिसे लावले. तेव्हापासून माप ठरलंय : सहा इंच रुंद, सात इंच खोल, उजव्या हाताला, बाहेरून लावलेला, म्हणजे सिस्टरना तपासायलाही सोपा. कोपऱ्यांवर त्रिकोणी शिलाई मारा, कारण त्यात रोज हात जातो. मी पाहिलेल्या खिशांत कंगवा होता, अर्धं बिस्कीट, वाळलेली जाई, आणि एकीच्या खिशात बसचं जुनं तिकीट. त्यातलं काहीही ‘कचरा आहे’ म्हणून काढू नका.

कपड्यावर संस्थेचं नाव छापू नका. ओळखीसाठी प्रत्येकीची खूण भरा. आमच्याकडे एकीची कोयरी आहे, एकीचा मासा, एकीचं तुळशीवृंदावन. खूण त्यांनीच निवडायची. ज्या बाई कधी बोलत नाहीत त्यांच्यासमोर मी नमुन्याचं कापड ठेवलं होतं. त्यांनी पावणेदोन तासांनी मोरावर बोट ठेवलं.

हे सगळं आपल्या हौसेचं नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, रहिवाशाला स्वतःचे कपडे घालायचा हक्क देतो. गणवेशाची सक्ती करता येत नाही, सक्तीने डोकं भादरता येत नाही. माणसाकडून काम करून घेतलं तर त्याचा मोबदला द्यावा लागतो, आणि जबरदस्तीने काम करून घेता येत नाही. म्हणून आमच्यासोबत काजं करायला बसणाऱ्या बायकांची आम्ही नोंद ठेवतो आणि समाजसेवा विभागामार्फत पैसे देतो. ‘विरंगुळा आहे त्यांना’ असं म्हणून फुकट काम करून घेणाऱ्या स्वयंसेवकाला मी गटात ठेवत नाही.

शिवायला बसवणार असाल तर सुया मोजा. नेताना मोजायच्या, उठताना मोजायच्या, वहीत आकडा आणि सिस्टरची सही. कात्री एकच, बोथट टोकाची, ती गळ्यात अडकवायची नाही, हातातच ठेवायची. एकदा एक सुई कमी भरली आणि आम्ही पाच जणी फरशीवर रांगत तासभर शोधत होतो. ती माझ्याच पदराला टोचलेली निघाली. तेव्हापासून सुया एका गुलाबी फोमच्या तुकड्यात, दहाच.

चष्मा

एक आजी दोन वर्षं आमच्या वर्तुळात मांडीवर हात ठेवून बसायच्या. कापड दिलं तर घडी करून परत द्यायच्या. आम्ही समजलो, त्यांना आवड नाही. मग डोळे तपासायची तारीख मिळाली आणि कळलं, त्यांना जवळचं काही दिसतच नव्हतं. अडीच नंबरचा चष्मा आला त्या मंगळवारी त्यांनी सुई ओवली, दोरा दातांनी तोडला आणि कुणी न सांगता साखळी टाका घालायला लागल्या. चाळिशीनंतर आपल्या सगळ्यांना चष्मा लागतो. त्यांनाही लागतो, एवढं आमच्या ध्यानात यायला दोन वर्षं गेली. तेव्हा ‘बोलत नाही’, ‘लक्ष देत नाही’ असं ठरवण्याआधी डोळे, कान आणि दात तपासायला सांगा. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते, तुम्ही सोबतीला बसायचं काम घ्या. चष्मा प्लॅस्टिकच्या काचेचा आणि प्लॅस्टिकच्याच फ्रेमचा करा, दोरी लावू नका.

बोलायचं काय

‘तुम्हाला काय झालंय?’ हे कधीच विचारू नका. ‘घरी कोण कोण आहे?’ हेही पहिल्या महिन्यात नको. विहिरीला पाणी किती महिने असायचं, भाकरी तांदळाची की ज्वारीची, आठवड्याचा बाजार कुठल्या वारी, असं विचारा. हाक कशी मारू, हे विचारा. तिथे कर्मचाऱ्यांना मावशी म्हणतात, म्हणून सरसकट मावशी म्हटलं की गोंधळ होतो. एका बाईंनी मला सांगितलं, ‘बाई म्हणा, मी बालवाडी शिकवायचे.’ मी त्यांना बाईच म्हणते.

कुणी असं काही बोललं जे खरं वाटत नाही, तर वाद घालू नका आणि होला होही करू नका. ‘तुम्हाला भीती वाटत असेल ना’ म्हणा. खूप अस्वस्थ झालं तर सिस्टरना सांगा, तुम्ही डॉक्टर होऊ नका.

वचन देऊ नका. आमच्या एका नव्या मुलीने कळवळून एकीला म्हटलं, ‘पुढच्या वेळी घरी जायचं बघू हं.’ पुढच्या मंगळवारी त्या बाई गाठोडं बांधून दाराशी बसल्या होत्या. त्याच्या पुढच्याही. ती मुलगी रडून रडून येईनाशी झाली, आणि गाठोडं सोडायला आम्हाला पावसाळा लागला. तुमचा फोन नंबर, चिठ्ठ्या, पैसे, तंबाखू, परस्पर काहीही नाही. फोटो तर नाहीच. कायद्याने त्यांच्या आजाराची माहिती गुप्त ठेवायची असते, आणि तुमच्या व्हॉट्सअॅपच्या गटातला फोटो कुणाच्या तरी सासरी पोचतो.

त्या बाजाराच्या वाराचा मात्र उपयोग होतो. पत्ता न आठवणाऱ्या माणसाला नदी आठवते, देवीची जत्रा आठवते, एसटी कुठे बदलायची ते आठवतं. हे तुकडे वहीत तारखेसकट लिहा आणि समाजसेवा विभागाला द्या. परस्पर शोध घेऊ नका, फेसबुकवर टाकू नका. ग्रामपंचायतीला, पोलीस ठाण्याला विचारणं त्यांनी करायचं असतं. आधारच्या शिबिरात बोटांच्या ठशांवरून जुनी नोंदणी निघते आणि कधीकधी तिथूनच गाव सापडतं. रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्णांना घरी पोचवण्याचं काम कर्जतच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनने फार मोठ्या प्रमाणावर केलंय. तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना त्यासाठी २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अशा अनुभवी लोकांचं ऐका.

ज्यांचा पत्ता ठाऊक आहे त्यांच्यासोबत पोस्टकार्ड लिहा. तुम्ही लेखनिक, मजकूर त्यांचा. ‘सुधारून’ लिहू नका. एका बाईंनी चार ओळींत फक्त विचारलं होतं, ‘फणस धरला का, काळी म्हैस आहे का, नाना चालतो का.’ मी तेवढंच लिहिलं. कार्ड आधी समाजसेवा विभागात दाखवून मगच टाका. उत्तर आलं नाही तर तसं खरं सांगा. आणि पुन्हा लिहा.

बाहेरची तयारी

केवळ घरच्यांनी नेलं नाही म्हणून कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही, असं २०१७ चा तो कायदा म्हणतो. समाजात राहणं हा हक्क आहे. पण पंचवीस वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला बाहेरचं जग शिकावं लागतं. आम्ही महिन्यातून एकदा दुकान मांडतो : खरा साबण, खरा कंगवा, खऱ्या नोटा. एका आजींनी उरलेले चार आणे परत मागितले. ते नाणं ३० जून २०११ पासून चलनात नाही, हे मला त्यांना सांगावं लागलं. नोटा हातात घ्यायला द्या, रंग बघू द्या, सुटे परत मोजायला लावा. मग परवानगीने, तीन जणींमागे दोन स्वयंसेवक आणि सोबत सिस्टर, असं मासुंदा तलावावर जातो. काय खायचं ते त्यांनी निवडायचं आणि पैसे त्यांनीच द्यायचे. पहिल्यांदा निवडायला वीस-वीस मिनिटं लागतात. दुकानदाराला आधीच सांगून ठेवा आणि घाई करू नका.

पैशांचं थोडक्यात

पाच-सहा जणींना नोंदणीची गरज नाही, पण लोकांकडून पैसे घेणार असाल तर आहे. सोसायटी नोंदवायला किमान सात सदस्य लागतात, मग धर्मादाय आयुक्तांकडे नोंद, दरवर्षी लेखापरीक्षण. देणगीदाराला देणगीवर आयकरात सवलत हवी असेल तर दोन हजारांवरची देणगी रोख चालत नाही. आम्ही या वाटेला गेलो नाही. एका जुन्या नोंदणीकृत मंडळाच्या पावतीवर आमचं काम चालतं, आणि बरीचशी देणगी मी कापडातच मागते.

कुणी घरी जातं तेव्हा

क्वचित येतो असा दिवस. निघायच्या आधी दोन जोड शिवून द्या, या वेळी बाहेरच्यांसारखे. घरच्या माणसाला औषधाच्या वेळा मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्या, डॉक्टरांनी सांगितल्या तशाच, आणि त्याखाली टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ हा क्रमांक लिहा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जवळच्या जिल्हा रुग्णालयात पुढची तारीख कधी आहे, तेही त्याच कागदावर.

मागे राहिलेल्यांना त्याच मंगळवारी सांगा, कोण गेलं आणि कुठे गेलं. कुणी वारलं तरीही तसंच सांगा, ‘दुसरीकडे नेलं’ म्हणू नका, त्यांना कळतं. बालवाडीच्या बाई गेल्या तेव्हा आम्ही वर्तुळात त्यांची जागा रिकामी ठेवून बसलो. त्या दिवशी कुणी शिवलं नाही. उठताना दहा सुया मोजल्या, वहीत सही घेतली, आणि मोरवाल्या बाईंनी पहिल्यांदा तोंड उघडून मला विचारलं, ‘मंगळवारी?’ मी हो म्हटलं.